आर्थर ॲश: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: टेनिसमधली वर्णभेदाची भिंत आधी कोणी ओलांडली, आर्थर ॲशने की अल्थिया गिब्सनने? आणि अमेरिकेत काळ्या खेळाडूंना बंदी होती म्हणजे नेमकं काय होतं?

आधी गिब्सन. १९५० साली ती न्यूयॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, १९५६ साली फ्रेंच एकेरी जिंकली आणि १९५७ व १९५८ अशी दोन्ही वर्षं विंबल्डन आणि अमेरिकन विजेतेपद तिच्याकडे होतं. ॲश हा पुरुषांमधला पहिला काळा विजेता: १९६८ची अमेरिकन ओपन, १९७०ची ऑस्ट्रेलियन, १९७५चं विंबल्डन.

बंदी चालायची ती साखळीने. राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश हवा तर आधीच्या मान्यताप्राप्त स्पर्धांमधली कामगिरी दाखवायची. त्या स्पर्धा खासगी क्लबांच्या हिरवळीवर व्हायच्या आणि क्लब काळ्यांना फाटकातूनच परत पाठवायचे. मग कामगिरी आणायची कुठून? म्हणून काळ्या खेळाडूंनी १९१६ सालीच स्वतःची अमेरिकन टेनिस असोसिएशन काढली. गिब्सन तिथे १९४७पासून दरवर्षी जिंकत होती (पुढे ही मालिका सलग दहा वर्षं चालली), तरी गोऱ्यांच्या संघटनेच्या लेखी त्याला किंमत नव्हती. माजी विजेती ॲलिस मार्बल हिने जुलै १९५०मध्ये एका टेनिस मासिकात सहकाऱ्यांना जाहीर खडसावलं, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत गिब्सनने विंबल्डनविजेत्या लुईस ब्रॉला गाठलं. १-६, ६-३ आणि तिसऱ्या सेटमध्ये ७-६ अशी ती पुढे असताना वादळ आलं, सामना थांबला. दुसऱ्या दिवशी ब्रॉने तो सेट ९-७ असा काढला.

प्रश्न: माझी अकरा वर्षांची मुलगी स्पर्धांमध्ये पंचांशी हुज्जत घालते. ॲश कधीच वाद घालत नसे म्हणतात. ही शिस्त कुठून आली?

व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्या घरामागच्या कोर्टवर. गिब्सनही त्यांचीच शिष्या. ॲश दहा वर्षांचा असताना तिथे गेला. जॉन्सन यांचे नियम ठरलेले होते. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या दोन इंच बाहेर पडला तरी तो आत धरून खेळायचं. बाजू बदलताना चेंडू उचलून त्याच्या हातात द्यायचे. निर्णयावर अवाक्षर काढायचं नाही. गोऱ्या आयोजकांना मुलाला बाहेर काढायला एक निमित्त पुरेसं होतं, ते मिळू द्यायचं नव्हतं. हे त्या मुलांवर लादलेलं ओझं होतं, हे विसरू नका. तुमच्या मुलीला ते वाहायची गरज नाही. तिला एवढंच शिकवा: शंका असेल तर पंचांना एकदा, शांतपणे विचारायचं आणि पुढच्या पॉइंटसाठी रेषेवर जायचं.

प्रश्न: १९७५च्या विंबल्डन अंतिम सामन्यात ॲशने कॉनर्सला कसं हरवलं? तोच डाव क्लबच्या स्पर्धेत चालेल का?

जिमी कॉनर्स गतविजेता होता, २२ वर्षांचा, अंतिम फेरीपर्यंत एकही सेट न गमावलेला. ॲश ३१ वर्षांचा, सहावं मानांकन. कॉनर्सला वेग आवडायचा. तुम्ही जितकं जोरात मारा तितकं जोरात परत यायचं. ॲश स्वतः ताकदीने मारणारा, पण त्या दिवशी त्याने वेगच काढून घेतला.

डावखुऱ्या कॉनर्सचा फोरहँड गुडघ्याखालच्या, मंद चेंडूवर डळमळायचा, म्हणून चेंडू तिथे चिप करायचा, म्हणजे आखूड झोताने खालून कापून हळू मारायचा. ड्यूस कोर्टातून (आपल्या उजव्या बाजूने) सर्व्हिस स्लाइस करून, म्हणजे चेंडूला बाजूची फिरकी देऊन, बाहेर काढायची. ती कॉनर्सच्या दोन हातांच्या बॅकहँडकडे जाते आणि दोन हातांना पोच कमी. तो नेटकडे आला की बॅकहँडच्या खांद्यावरून लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारा उंच फटका. ६-१, ६-१ झाल्यावर कॉनर्सने तिसरा सेट ७-५ घेतला, चौथ्यात ३-० आघाडीही घेतली. इथे बहुतेक खेळाडू घाबरून पुन्हा जोरात मारायला लागतात. ॲशने डाव सोडला नाही आणि तो सेट ६-४ जिंकला.

आता तुमच्या कोर्टवर. तुम्ही उजखुरे आहात असं धरू; प्रतिस्पर्धीही उजखुरा असेल तर भूमिती उलटते. तुमचा तिरका बॅकहँड स्लाइस डावखुऱ्याच्या फोरहँडला जातो, पण उजखुऱ्याच्या बॅकहँडला. फोरहँड गाठायचा तर सरळ रेषेत मारावं लागतं आणि तिथे जाळी उंच असते: मध्यभागी ३ फूट, एकेरीच्या खांबाशी साडेतीन. ते सहा इंच अनेकांना महागात पडतात.

कॉन्टिनेंटल पकड (रॅकेट हातोड्यासारखं धरणं) घ्या, मागचा झोत आखूड ठेवा, रॅकेट चेंडूच्या वरून सुरू करून पुढे न्या, मनगट घट्ट. चेंडू जाळी आणि सर्व्हिस लाइनमधल्या २१ फुटांत पडला पाहिजे. दहापैकी सात तिथे पडेपर्यंत सामन्यात वापरू नका. चेंडू तरंगत असेल तर रॅकेटचं तोंड जास्त उघडं आहे. आणि त्या काळच्या विंबल्डनच्या हिरवळीवर चेंडू घसरत खाली राहायचा. सिमेंटवर तो कमरेपर्यंत उठतो, म्हणून तिथे चिप आणखी आखूड हवी.

प्रश्न: १९६८ची अमेरिकन ओपन जिंकूनही ॲशला बक्षीस का मिळालं नाही?

तो लष्करात लेफ्टनंट होता आणि डेव्हिस कप या देशांमधल्या सांघिक स्पर्धेसाठी हौशी (बक्षिसाचे पैसे न घेणारा) दर्जा टिकवून होता. म्हणून विजेत्याचे १४,००० डॉलर हरलेल्या टॉम ओकरकडे गेले. ॲशला दिवसाला २० डॉलर भत्ता.

प्रश्न: वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत तो खेळायला गेला, हे चुकलं नाही का?

१९६९ आणि १९७० साली त्याला व्हिसा नाकारला गेला. १९७३मध्ये मिळाला तेव्हा प्रेक्षकांत वर्णानुसार वेगळ्या जागा नकोत ही त्याची अट होती. जोहान्सबर्गला एकेरीच्या अंतिम फेरीत तो कॉनर्सकडून हरला, दुहेरी ओकरबरोबर जिंकला. त्याच्या जाण्याने त्या राजवटीला प्रतिष्ठा मिळते, ही टीका तेव्हाही झाली आणि ती आम्हाला गैर वाटत नाही. पण काळ्या मुलांनी एक मुक्त काळा माणूस मोकळेपणाने वावरताना पाहिला, याचंही मोल होतं. पुढे ॲश स्वतः बहिष्काराच्या बाजूने ठाम उभा राहिला आणि १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शनं करताना त्याला अटक झाली. भारताने ती वाट आधीच धरली होती: १९७४च्या डेव्हिस कप अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका होती आणि आपण खेळायला नकार देऊन तो कप सोडला.