मंडालेला आता जावे का?

प्रश्न : मी रत्नागिरीची निवृत्त इतिहास-शिक्षिका आहे, वय ६८. थिबा पॅलेस पाहतच मी लहानाची मोठी झाले. ब्रह्मदेशातल्या (आजच्या म्यानमारमधल्या) ज्या मंडालेचा राजा थिबा इंग्रजांनी आमच्या गावी आणून ठेवला, त्याच मंडालेत आमच्या गावी जन्मलेल्या टिळकांना नेऊन कोंडले, हे मी तीस वर्षे वर्गात सांगत आले. ते शहर एकदा पाहावे अशी फार इच्छा आहे. येत्या हिवाळ्यात बारा जणांचा गट यांगून, बागान आणि मंडाले या सहलीला निघत असून आगाऊ रक्कम महिनाअखेर भरायची आहे. पुण्याला असणारी माझी मुलगी म्हणते, की तिथल्या लष्करी राजवटीच्या हाती आपला एक डॉलरही पडता कामा नये. माझे म्हणणे असे, की मी काही सरकारला भेटायला जात नाही. चार रिक्षावाल्यांच्या आणि खाणावळवाल्यांच्या पदरात पैसे पडले तर त्यात वाईट काय? शिवाय सरकार पटत नाही म्हणून एकेक देश वगळत गेले, तर जगात जायला देश उरतील किती? आणि माझ्या वयाला ‘नंतर जाऊ’ म्हणणे परवडत नाही.

उत्तर : सप्रेम नमस्कार. सरकार पटत नाही एवढे एकच कारण एखादा देश टाळायला पुरेसे नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. ते पुरेसे मानले, तर आपल्या देशात येणाऱ्या पाहुण्यांनाही दर निवडणुकीनंतर नव्याने विचार करावा लागेल. मला त्याऐवजी दोन गोष्टी तपासाव्याशा वाटतात : तिथले पर्यटन हेच जुलमाचे साधन झाले आहे का, आणि ज्यांच्यावर जुलूम होतो त्यांनी बाहेरच्यांकडे काही मागितले आहे का. ब्रह्मदेशाने या दोन्हींची उत्तरे स्वतःच देऊन ठेवली आहेत.

१९८८ चा उठाव लष्कराने गोळ्या घालून मोडला, १९९० च्या निवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळूनही सत्ता सोडली नाही, आणि पुढे १९९६ हे ‘पर्यटन वर्ष’ म्हणून जाहीर केले. पाहुणे येणार म्हणून मंडालेच्या किल्ल्याभोवतीचा खंदक साफ करण्यात आला. त्या कामाला बेड्या घातलेले कैदी होते आणि घरटी माणूस द्यावा लागल्याने वेठीला आलेले गावकरीही होते. बागानच्या प्राचीन देवळांच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना तर १९९० मध्येच उठवून काही किलोमीटरवरच्या उघड्या माळावर नेऊन टाकले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकशी आयोगाने १९९८ मध्ये त्या देशातील वेठबिगारी सर्वदूर आणि पद्धतशीर असल्याचा निष्कर्ष काढला. स्वतंत्रपणे येणाऱ्या प्रवाशाला त्या काळी विमानतळावरच ३०० डॉलर सरकारी प्रमाणपत्रांत बदलून घ्यावे लागत. म्हणजे रिक्षावाल्याची गाठ पडण्याआधीच सरकारची पडत असे. आता येऊ नका, देश कुठे जात नाही, नंतर या, असे सू ची त्या वर्षांत जगाला सांगत होत्या, त्यामागे हे सगळे होते.

त्यांच्या पक्षाने २०११ मध्ये हा बहिष्कार मागे घेतला, आणि सामान्य माणसाच्या हिताची ज्यांना चाड आहे अशा प्रवाशांचे स्वागत आहे, असे सांगितले. त्या शब्दावर विसंबून मी २०१४ च्या जानेवारीत मंडालेला गेले होते. आपण म्हणता तो रिक्षावाल्या-खाणावळवाल्यांचा मुद्दा मी तिथे प्रत्यक्ष पाहिला आहे. ज्या घरगुती लॉजमध्ये मी उतरले, तिची मालकीण डॉलरची प्रत्येक नोट उजेडाकडे धरून पाही. मधोमध घडी पडलेली एक नोट तिने मला परत केली, कारण तिच्याकडून ती पुढे कोणी घेतली नसती. घेतलेल्या नोटा चुरगळू नयेत म्हणून मुलाच्या शाळेच्या वहीच्या पानांत घालून ठेवत असे. त्या वहीतले पैसे त्याच घरात राहणार होते, आणि मी ते दिले याचा मला आजही आनंद आहे.

त्याच दुपारी मी किल्ल्यावर गेले. परदेशी माणसाला फक्त पूर्वेच्या दरवाजाने सोडत, आणि तेही मधल्या राजवाड्यापर्यंतच; बाकी सारे आवार लष्कराचे. १९४५ मध्ये जळालेला तो राजवाडा लष्करी राजवटीने नव्याने बांधलेला आहे. टिळकांनी १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ज्या तुरुंगात काढली आणि ‘गीतारहस्य’ लिहिले, तो याच तटाच्या आत होता. पण त्यांची लाकडी बराक काही पाहायला मिळत नाही. पाहायला मिळाली ती तटावरची मोठी लाल पाटी : लष्कर आणि जनता मिळून देशाला बाधा आणणाऱ्या सर्वांना चिरडतील, अशा अर्थाची. आपण तीस वर्षे ज्या जागेविषयी शिकवलेत, तिच्या दारावर ते लिहिलेले होते.

एक गोष्ट मी आपल्यापासून लपवू इच्छित नाही. मी गेले तेव्हा पश्चिमेकडच्या राखाईन प्रांतात २०१२ च्या दंगलींनंतर रोहिंग्या मुस्लिम छावण्यांत कोंडलेले होते. ज्यांनी ‘या’ म्हटले त्यांचा शब्द मी ऐकला. ज्यांना कोणी विचारलेच नव्हते त्यांचा विचार मी केला नाही. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात तोवर सत्तेत आलेल्या खुद्द सू ची रोहिंग्यांवरील अत्याचारांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. पीडितांच्या वतीने बोलणारा एकच आवाज पुरेसा मानू नये, हे मी त्यानंतर शिकले.

आता आजचे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली, आणि त्यानंतर तिथल्या लोकांनी जे केले ते माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे. त्यांनी लष्कराच्या कंपनीची बिअर पिणे सोडले, सरकारी लॉटरी घेणे सोडले, आणि वीज तोडायला बंदूकधारी शिपाई दारात येत असतानाही लाखो घरांनी विजेची बिले भरली नाहीत. जो समाज स्वतःच्या घरात अंधार पत्करून सरकारची तिजोरी रिकामी ठेवू पाहतो, त्याच्या देशात जाऊन आपण त्याच तिजोरीत परकीय चलन टाकावे, हे मला पटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये बँकांत येणारे परकीय चलन सरकारी दराने बदलण्याची सक्ती झाली. तो दर त्याच वर्षी ऑगस्टपासून डॉलरला २,१०० क्यात (तिथले चलन) असताना बाजारात त्याहून कितीतरी अधिक मिळत होते. फरक कोणाच्या खिशात गेला ते उघड आहे. व्हिसाचे शुल्क आणि बागानच्या प्रवेशाचे पैसे सरकारकडेच जातात, आणि बारा जणांचा गट ठरलेल्या मोठ्या हॉटेलांत उतरून ठरलेल्या बसने फिरतो, तेव्हा वहीत नोटा जपणाऱ्या बाईच्या वाट्याला काही येत नाही.

२०२१ नंतर अटक झालेल्या अनेकांची चौकशी मंडालेच्या त्याच किल्ल्यातील लष्करी आवारात झाल्याचे आणि तिथे त्यांचा छळ झाल्याचे सुटून आलेल्यांनी सांगितले आहे. टिळकांना ज्या तटाच्या आत ठेवले, त्याच तटाच्या आत शतकानंतरही सरकारविरोधकांना कोंडले गेले, आणि आपली सहल तिथूनच जाईल. मार्च २०२५ च्या भूकंपात तटाचे काही भाग कोसळले. तशा स्थितीतही लष्कराने विमानांतून बॉम्ब टाकणे थांबवले नाही.

म्हणून माझे मत आपल्या मुलीच्या बाजूने आहे : ही आगाऊ रक्कम भरू नका. तिथे कोणाचे नातेवाईक असतील, कोणी डॉक्टर किंवा पत्रकार असेल, तर त्याला मी वेगळे सांगेन.

आपल्या वयाविषयी आपण लिहिलेत, त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. थांबलात तर कदाचित मंडाले पाहायचे राहून जाईल, आणि ही खरी हानी आहे. मात्र ब्रह्मदेशाची माणसे भेटायला ब्रह्मदेशातच जावे लागते असे नाही. थायलंडच्या सीमेवर मे सॉट नावाचे गाव आहे, तिथे डॉ. सिंथिया माउंग यांनी १९८९ मध्ये सुरू केलेला दवाखाना निर्वासितांवर आजही उपचार करतो. त्या परिसरात निर्वासितांच्या मुलांच्या शाळाही आहेत. मिझोराममध्ये २०२१ पासून ब्रह्मदेशातील चिन जमातीची हजारो कुटुंबे आश्रयाला आली आहेत, आणि तिथे जायला आपल्याला केवळ इनर लाइन परमिट (त्या राज्यात प्रवेशाचा परवाना) लागते. सहलीचे पैसे आणि तो पंधरवडा मे सॉट किंवा मिझोराम यांपैकी एका ठिकाणी खर्च करायची तयारी असेल तर अवश्य कळवा. थिबा राजाला आपल्या गावाने तीस वर्षे कसे सांभाळले, हे तिथल्या मुलांना सांगायला आपल्याइतके योग्य माणूस मला तरी दुसरे माहीत नाही.