इंजिन हाताशी, तरी पोरगा हरतो कसा?

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे. मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो आणि डाव संपला रे संपला की स्टॉकफिश हे इंजिन (चाली तपासणारं सॉफ्टवेअर) लावून चुका बघतो. पण स्पर्धेत चांगली सुरुवात करूनही हरून येतो. त्याच्या मित्राने महागडं सॉफ्टवेअर आणि नवा लॅपटॉप घेतलाय. आम्हीही घ्यावा का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, पैसे तूर्त जपून ठेवा. स्टॉकफिश फुकट आहे आणि साध्या मोबाईलवरही ते जगज्जेत्याला भारी पडतं. १९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला डीप ब्लू या संगणकाचं कपाटाएवढं धूड लागलं होतं! तेव्हा ताकद कमी पडतेय असं मुळीच नाही. पोराला स्वतः विचार करायला वेळच मिळत नाही, दुखणं ते आहे.

मंगळवार पेठेत माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचं सांगतो. इटालियन डावात (ही डाव सुरू करायची एक ठरलेली पद्धत) पांढऱ्याने घोडा जी५ या घरात आणला, काळ्याने डी प्यादं पुढे टाकलं, पांढऱ्याने ते मारलं. आता काळ्याने काय करायचं? पोरगं म्हणालं, "घोडा ए५, सर." बरोबर. मग मी विचारलं, "आणि घोड्यानं प्यादं मारलं तर?" गप्प. मग त्याला काळी मोहरी घेऊन तीच चाल खेळायला लावली. पांढऱ्याचा घोडा एफ७ वर पडला, राजाने मारला, वजिराने एफ३ वरून शह दिला आणि डी५ चा घोडा वाचवायला राजाला ई६ वर, भर मैदानात यावं लागलं. "आई शप्पथ!" म्हणाला. आता ती चाल तो विसरायचा नाही.

तुमच्याकडेही असंच करा. डाव संपला की मोबाईल आईच्या ताब्यात. त्याने वहीत लिहायचं: कुठे अडलो, कोणती चाल मनात होती, कशाला घाबरलो. मगच इंजिन. आणि इंजिनाची चाल पटली नाही, तर आपली चाल खेळून त्याच्याशीच भांडायचं. ते कसं मारतं, तिथेच उत्तर मिळतं.

कोण किती वरचढ हे सांगायला इंजिन जे आकडे दाखवतं, त्यांना फार भुलू नका. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशच्या +१ चा अर्थ 'एक प्यादं जास्त' असा राहिलेला नाही. तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा आहे. पण ही तोड स्टॉकफिशची हं, आठवीतल्या पोरांची नव्हे! +०.४ चं +०.१ झालं म्हणून डोकं धरून बसायचं कारण नाही. हत्ती फुकट गेला, मात दिसली नाही, असल्या चुका आधी धरा.

शाळेच्या कामाला लॅपटॉप हवाच असेल तर जरूर घ्या. बुद्धिबळासाठी मात्र एक लाकडी पट आणि दोनशे पानी वही आणा.