सीपीआर शिकवायला परवानगी मागू नका, कळवा (हिंगोलीच्या मॅडमना उत्तर)

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नववी-दहावीच्या मुलांना सीपीआर (हृदय थांबून कोसळलेल्या माणसाची छाती दाबत राहायचा प्रथमोपचार) शिकवायचाय, मुख्याध्यापक म्हणतात आधी वरून लेखी आणा, सरावाची बाहुली म्हणजे डमी नाही, आणि अर्ज कुणाच्या नावे करावा असं तुम्ही विचारलंय. गावाचं नाव बदललं तर ही माझीच सात वर्षांपूर्वीची पोस्ट. मी परभणी जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. छाती कुठं आणि कशी दाबायची ते तुम्ही शिकून आलेल्या दिसता, म्हणून ते सोडतो.

माझी चूक एका अक्षराची होती. अर्जाच्या 'विषय'समोर मी लिहिलं, "विद्यार्थ्यांना सीपीआर प्रशिक्षण देण्यास परवानगी मिळणे व त्यासाठी डमी उपलब्ध करून देणेबाबत." त्यातला 'व' मला चौदा महिन्यांना पडला.

कार्यालयाचं नाव घेत नाही. परवानगी एका टेबलाचं काम, वस्तू दुसऱ्या टेबलाचं. पहिल्या टेबलावरचे गृहस्थ अर्ज वाचून म्हणाले, "यात खरेदी आहे, हे माझ्याकडं येत नाही." खरेदीवाले म्हणाले, "आधी परवानगी होऊ द्या, मग मागणी बघू." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, हीच तर पंचाईत. मध्येच कुणीतरी शेरा मारला की विषय आरोग्याचा दिसतो, शिक्षणाचा नाही. पाचव्या महिन्यात त्रुटी निघाली, तीन दरपत्रकं जोडा. ती आणायला संभाजीनगरला गेलो. आठव्या महिन्यात बदल्या झाल्या आणि नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगायची वेळ आली. त्यांनी विचारलं, "हे कॉम्प्युटरचं काही आहे का?" दर खेपेला एक किरकोळ रजा आणि एसटीत जाऊन-येऊन चार तास. चौदाव्या महिन्यात माझा अर्ज माझ्याच हातात आला. त्यावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'चर्चा करा'. कुणी कुणाशी करायची ते नव्हतं.

तोवर एक दहावीची बॅच पास होऊन गेली. त्या पोरांना मी फळ्यावर छातीचं चित्र काढून सगळं सांगितलं होतं. दाबायला मात्र काही दिलं नव्हतं, कारण डमी 'येणार' होती. त्यातला एक पोरगा पुढच्या उन्हाळ्यात बाजारात भेटला. त्याचा चुलता शेतात सगळ्यांसमोर बसल्याजागी कोसळला होता. हा तिथंच होता. म्हणाला, "सर, हात कुठं ठेवायचे ते ध्यानात होतं. पण कधी दाबलंच नव्हतं ना, हात पुढं होईना. सगळे म्हणायले पाणी मारा, पाणी मारा." चुलता गेला. दाबलं असतं तर वाचलाच असता असं मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू नये. पण त्या दिवसानंतर मी कुणालाही चित्रावर सीपीआर शिकवला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत (पटलं तर घ्या): परवानगी मागू नका. मागितली की ती नाकारण्याची किंवा लटकवण्याची सोय तुम्हीच करून देता. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठराव घ्या, त्यावर मुख्याध्यापकांची सही, आणि वर पत्र पाठवा 'माहितीस्तव सविनय सादर' म्हणून. स्थळप्रतीवर (आपल्याकडं राहणाऱ्या प्रतीवर) आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मुख्याध्यापकांना कागद हवा असतो, तो त्यांना मिळतो. आमच्याकडं हे चाललं. तुमच्या संस्थेचे नियम वेगळे असतील तर आधी संस्थेत बोलून घ्या, नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका. पत्रात एक वाक्य जरूर घाला: वयाच्या बाराव्या वर्षापासून शाळेत दरवर्षी दोन तास सीपीआर शिकवावा, या 'किड्स सेव्ह लाइव्ह्ज' निवेदनाला जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये पाठिंबा दिलाय. दोन तास हा आकडा वाचला की 'अभ्यासक्रम मागे पडेल' म्हणणारे गप्प होतात.

आता डमी. खरी डमी चांगलीच असते, त्यात वाद नाही. पण आम्ही काम काढलं ते कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीवर. जुन्या शर्टात सोयाबीनचं भुसकट भरायचं, छातीच्या जागी झाकण घट्ट लावलेली बाटली आडवी, आणि सगळं फरशीवर. बाकावर नको, बाक हलतो आणि पोरं हसतात. बाटली जवळपास अर्धी दबली म्हणजे साधारण 5 सेंटिमीटर, मोठ्या माणसाला तेवढंच हवं, 6 च्या पुढं नको. झाकण घट्ट असलं की ती आपोआप वर येते. छाती पूर्ण वर येऊ द्यायची हे तोंडानं सांगून कळत नाही, बाटली सांगते. एकमेकांच्या छातीवर सराव मात्र कुणालाही करू देऊ नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही. हृदय चालू असलेल्या माणसावर हा खेळ करायचा नसतो.

कोपरांकडं बघत राहा. मुली कणीक तिंबल्यासारख्या कोपरातून दाबतात, मुलं जोर काढल्यासारखी. दोन्ही चूक. हात सरळ, खांदे बरोबर हातांच्या वर, वजन कमरेतून. किरकोळ अंगाच्या मुलीलाही मग जमतं, फक्त दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. आमच्याकडं आठवीतली एक काटकुळी पोरगी पहिलवान पोरांपेक्षा सरस निघाली, कारण ती मोजत होती. वेग मिनिटाला 100 ते 120. मोबाइलवर 110 चा ठोका लावला तर पोरं मोबाइलकडंच बघतात, म्हणून लेझीमच्या ढोलवाल्या पोराला त्या ठोक्यावर बसवला आणि मग मोबाइल बंद केला. ढोल वाजतोय आणि वीस पोरं दाबायलीत, हे बघायला शेजारच्या वर्गातले सरही आले होते.

पहिली तासिका कोरडी जाऊ द्यायची नसेल तर डमीचाच किस्सा सांगा. नॉर्वेत खेळणी बनवणारे आस्मुंड लेरदाल होते, त्यांनी 1960 मध्ये ही बाहुली केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत बुडालेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. पोरं एकदम शांत होतात.

शिकवायला माणूस बोलावणार असाल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या मागं लागू नका, त्यांना वेळ नसतो आणि ते अँजिओप्लास्टीवर बोलतात. तालुक्यातले भूलतज्ज्ञ गाठा. त्यांच्या संघटनेच्या पुढाकारानं 2017 मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची भारतीय पद्धत, कोल्स, आली. आमच्याकडं आलेल्या डॉक्टर बाईंनी मानधन तर नाहीच घेतलं, उलट पोरांना बिस्किटं आणली.

आपल्याकडच्या काही गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत, त्या वर्गात मुद्दाम काढा. माणूस कोसळल्यावर थांबून थांबून घरघर लागते, आणि जमलेले म्हणतात, "श्वास हाय, हात लावू नका." तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून जाग नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर दाबायला लागायचं. शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा शॉक असेल तर लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचं नाही, नाहीतर एकाच्या जागी दोन जातात. फिट आलेल्याला कांदा-चप्पल हुंगवणं आणि विहिरीतून काढलेल्याला उलटं धरून पोट दाबणं, या दोन्हींवर वर्गात भांडण होऊ द्या, पोरं घरी जाऊन आज्यांशी भांडतात. बुडालेल्याला तोंडानं श्वासही द्यावे लागतात, पण ते बाटलीवर शिकवता येत नाही. तेवढं डॉक्टरांवर सोडा.

108 ला फोन करण्याचाही सराव घ्या, हे कुणीच घेत नाही. ही मोफत सेवा 2014 पासून आहे, पण पोरं घाबरून नुसतं गावाचं नाव सांगतात. शिवारातलं ठिकाण सांगायला शिकवा: कुठला फाटा, डावीकडं की उजवीकडं, जवळचं मंदिर किंवा विजेची डीपी. फोन स्पीकरवर, आणि एक पोरगा फाट्यावर पळवायचा. आमच्या एका पोरानं ठिकाण म्हणून "आमच्या काकाच्या आखाड्यापाशी" सांगितलं होतं.

वेळ म्हणाल तर जून-जुलै. ऑक्टोबरात सोयाबीनच्या काढणीला निम्मी पोरं गायब, दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली, जानेवारीपासून बोर्डाचं भूत.

डमीचा अर्ज करायचाच असेल तर वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेला करा आणि विसरून जा. तोवर बाटल्या गोळा करा. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या मागं पोतंभर मिळतात. पाण्याच्या पातळ बाटल्या नकोत, चार दाबात चेपतात. आणि झाकणं मोजून घ्या, पोरं ती खेळायला पळवतात.