भुरीला धरणावर सोडू नका

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. सातवीपासून तिला फिट येतात, गोळ्या चालू आहेत. घरात भुरी नावाची गावठी कुत्री आहे. वर्षभरापासून पाहते, फिट यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी भुरी तिच्याभोवती घुटमळते, हात चाटते, ओढणी ओढते. सासूबाई म्हणतात, हीच आकडी ओढवून आणते, गंगापूर धरणाकडे सोडून या. काय करू?
— एक आई, मखमलाबाद

उत्तर : ताई, सोडू नका. कावळा बसल्याने फांदी मोडत नाही, हे सासूबाईंनाही ठाऊक असेल. इथे तर फांदी मोडणार हे कावळ्याला आधीच कळतंय, असं दिसतं.

पंचवटीत मी तीस वर्षं जनावरं तपासली. असे किस्से सांगणारे मालक यायचे, मी ‘हो हो’ म्हणत लस टोचून पाठवायचो. आपलं कुत्रं सर्वज्ञ, असं कुणाला वाटत नाही? २०१९ साली मात्र फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास वाचला आणि गप्प बसलो. फिटच्या वेळी रुग्णांच्या श्वासाचा आणि अंगाचा घेतलेला वास त्यांनी ५ शिकवलेल्या कुत्र्यांपुढे ठेवला. सोबत त्याच माणसांचे निवांत असतानाचे आणि व्यायामानंतरचे वास. तिघांनी फिटचा वास दर वेळी ओळखला, उरलेल्या दोघांनी तीनातून दोनदा. पण हा वास फिट सुरू झाल्यावरचा. २०२१ मध्ये बेलफास्टला १९ घरगुती, काहीच न शिकवलेल्या कुत्र्यांना फिटच्या आधीचाही वास दिला, तेव्हा त्यांचंही वागणं बदललं. म्हणजे भुरी भुताटकी करत नाही, नाक वापरते.

तरी तिच्या भरवशावर राहू नका. फिट आली की भुरीचं घुटमळणं आठवतं. नुसतीच घुटमळली तो दिवस आपण विसरून जातो. म्हणून कॅलेंडरवर तीन महिने खुणा करा: भुरी घुटमळली की टिंब, फिट आली की फुली. नुसतं टिंब पडलं तरी ते खोडायचं नाही. जमलं तर फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. कॅलेंडर आणि व्हिडिओ मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. कुत्र्याने ‘ओळखलेल्या’ काहींच्या फिट व्हिडिओ-ईईजीत (व्हिडिओ काढत मेंदूतल्या विजेचा आलेख घेणारी तपासणी) अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, निघाल्याच नाहीत, मूळ मानसिक ताणात होतं. त्याचे उपचार वेगळे. तुमच्या लेकीचं तसं असेलच असं नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. तोवर गोळी एकही चुकवायची नाही.

भुरी घुटमळू लागली की मुलीला गॅसपासून, जिन्यापासून दूर आणून सतरंजीवर बसवा. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा. कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा तर मुळीच नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

आणि त्या वेळी भुरीला दुसऱ्या खोलीत न्या. घाबरलेलं कुत्रं मदतीला आलेल्या शेजाऱ्यालाही चावतं. तिला रेबीजची लस दिली आहे का, हे तुम्ही लिहिलंच नाही. लेकीचे हात चाटते म्हणता, तर ते या आठवड्यातच बघा.