गावातल्या घरी टीव्हीच्या दोन डिश छत्र्या आणि एकच सेट-टॉप बॉक्स, जोडता येतील का?
हो, फ्री डिशची (जीसॅट-१५, ९३.५° पूर्व) आणि दुसऱ्या उपग्रहाची छत्री एकाच बॉक्सला जोडता येते, मधे डायसेक स्विच (दोनपैकी एकाच छत्रीचा सिग्नल निवडून बॉक्सला देणारी छोटी डबी) लावा, साधा स्प्लिटर नको. स्प्लिटर दोन्ही सिग्नल एकत्र मिसळतो. डायसेकला बॉक्स केबलमधूनच आज्ञा देतो, त्यामुळे एका वेळी एकच एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) जोडलेला राहतो. बॉक्सचा प्लग काढूनच केबल लावा, शॉर्ट झाला तर स्विच जळू शकतो. मग मेनूत प्रत्येक उपग्रहाला त्याचा पोर्ट (स्विचवर त्याची केबल लावली ती जागा) द्या: १ म्हणजे ए, २ म्हणजे बी. बहुतेकांचं इथेच अडतं. स्विच छपराखालीच बांधा; आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात टेप सुटतो आणि झड लागली की कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. बॉक्सच्या मेनूत डायसेकच नसेल, तर मात्र ही जोडणी चालणार नाही.