घरामागच्या वाडीत भेंडी, वांगी, मिरची आहे. विषारी औषध न मारता कीड कशी आवरावी?

फवारणीआधी पान उलटून बघा. निंबोळी अर्क चांगलाच आहे, पण तो सगळ्याच किडींवर चालतो असं धरून चाललात तर वांगी हातची जातील.

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा अळी आत शिरलेली असते. तिथे कोणताही अर्क पोचत नाही. असा शेंडा दोन बोटं खालून, चांगल्या भागासकट कापा आणि जाळा किंवा खोल पुरा. बांधावर फेकलात तर अळी तिथेच कोष करते. भोकं पडलेली वांगीही तशीच तोडून न्या. दर आठवड्याला हे न चुकता केलं तरच गुण येतो.

मिरचीची पानं वर वळून द्रोणासारखी झाली तर फुलकिडे, खाली वळून उलट्या होडीसारखी झाली तर कोळी (घरातला कोळी नव्हे, पानावरची अगदी बारीक कीड). पानं बारीक होऊन झाड खुजं, गुच्छासारखं झालं असेल तर तो विषाणू असतो. ते झाड सुधारत नाही, उपटूनच टाका.

भेंडीवरचे तुडतुडे, मावा, पांढरी माशी आणि मिरचीवरचे फुलकिडे यांच्यासाठी निंबोळी अर्क करा. जून-जुलैत धुऱ्यावरच्या निंबाखाली निंबोळ्या पडतात, त्या वेचा. गर धुऊन बिया सावलीत वाळवा. बुरशी आलेल्या, काळ्या पडलेल्या बिया घेऊ नका. अर्धा किलो बिया भरड कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा. सकाळी पाणी दुधाळ होईपर्यंत ढवळा आणि फडक्यातून पिळून गाळा. नीट गाळलं नाही तर पंपाचं नोझल तुंबतं. त्यात 20 ग्रॅम साधा कपड्यांचा साबण विरघळवून एकूण 10 लिटर पाणी करा. साबण नसेल तर अर्क पानावरून ओघळून जातो आणि जास्त झाला तर पानं करपतात.

फवारणी संध्याकाळीच करा, कारण निंबातला कडू घटक उन्हात लवकर नासतो. पानाच्या खालून फवारा, कीड तिथेच बसते. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. कीड लगेच मरत नाही. ती खाणं सोडते, पिल्लांची वाढ खुंटते. म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली की औषध वाया गेलं समजू नका, आठ दिवसांनी पुन्हा मारा. मोठ्या अळ्या मात्र हातानेच वेचाव्या लागतात.

मावा थोडाच असेल आणि ढालकिडे दिसत असतील तर काहीच फवारू नका. ढालकिड्याची काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी लोक कीड समजून मारतात. तीच मावा खाते, तिला जपा.

काकडी-दोडक्याच्या रोपांवर लाल भुंगे आले तर सकाळी दवात चाळलेली राख भुरभुरा. पाऊस झाला की पुन्हा टाकावी लागते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. कपाशी आणि भेंडी एकाच कुळातल्या, त्यामुळे तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण एकीवरून दुसरीवर सहज येतात. सरपणासाठी पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग वाडीच्या कुंपणाला लावला असेल तर तो आधी तिथून हलवा आणि भेंडी कपाशीच्या शेतापासून दूरच्या कोपऱ्यात लावा.