‘रिझनेबल अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणजे ‘वाजवी तडजोड’ का?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या मराठी पालकांसाठी मदतयोजनांचं माहितीपत्रक करतो आहोत. ‘डिसेबल्ड’साठी अपंग, विकलांग की दिव्यांग? आणि ‘रिझनेबल अ‍ॅडजस्टमेंट’ला ‘वाजवी तडजोड’ चालेल का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे शब्द चुकला तर पालकांचं थेट नुकसान आहे. ‘तडजोड’ नको. तडजोड म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडायचं, आणि ज्याची बाजू पडती त्यालाच बहुतेक वेळा जास्त सोडावं लागतं. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात अर्थ वेगळा आहे. बदल करायचा तो शाळेने, मालकाने, दुकानदाराने. त्याचा खर्चही अपंग व्यक्तीकडून वसूल करता येत नाही. ‘वाजवी तडजोड’ वाचून एखादी आई ‘जाऊ दे, आपणच सांभाळून घेऊ’ म्हणेल आणि शाळेकडे काही मागणारच नाही. म्हणून ‘वाजवी बदल’ लिहा, आणि ते कोणी करायचे तेही त्याच दमात सांगा: ‘मुलाची अडचण दूर व्हावी म्हणून शाळेने करायचे वाजवी बदल’. लांबलं तर लांबू दे. पुढे उदाहरणं द्या. गोंगाट सोसत नसलेल्या मुलाला डबा खायला शांत जागा, कमी दिसणाऱ्या मुलीला मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका.

याच अर्थाने अमेरिकेत, संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारात आणि भारताच्या २०१६च्या अपंग हक्क कायद्यात ‘रिझनेबल अकॉमोडेशन’ म्हणतात. ‘अकॉमोडेशन’चा दुसरा अर्थ राहण्याची सोय, म्हणून यंत्राकडून भाषांतर करून घेतलंत तर तिथे ‘निवासव्यवस्था’ आलेली नाही ना, एवढं डोळ्यांखालून घाला.

आता पहिला प्रश्न. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५मध्ये ‘मन की बात’मध्ये सुचवला, तो केंद्राच्या खात्याच्या नावात गेला आणि आज महाराष्ट्रात सरकारी अर्जांवर तोच आहे. काहींना तो सन्मानाचा वाटतो. अपंग हक्कांसाठी झटणाऱ्या अनेकांनी मात्र सुरुवातीपासून विरोध केला. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच कराराच्या समितीनेही २०१९मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना तो वादग्रस्त असल्याचं नोंदवलं. मलाही तो पटत नाही. हक्काने मागायच्या गोष्टीवर त्याने कौतुकाचा मुलामा चढतो.

तुमच्या पत्रकात तो टाळायला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. ‘दिव्यांग’ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला प्रमाणपत्र आठवतं, आणि पाठोपाठ त्यावरचे अपंगत्वाचे ४० टक्के. भारतात आरक्षण नि बऱ्याच सवलती त्या आकड्यावर ठरतात. ब्रिटनमध्ये असा टक्का नाही. रोजच्या व्यवहारावर ठळक परिणाम होतो का आणि तो बारा महिने किंवा जास्त टिकणारा आहे का, हे कायदा पाहतो. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या भत्त्यातही आजाराच्या नावापेक्षा त्या वयाच्या इतर मुलांहून किती जास्त देखभाल लागते किंवा चालण्याफिरण्यात किती अडचण येते, याला महत्त्व असतं. ‘आमच्याकडे सर्टिफिकेट नाही’ म्हणून कोणी अर्जच केला नाही, असं होता कामा नये.

‘विकलांग’मध्ये अंग आहे, ‘दिव्यांग’मध्येही आहे, आणि ‘अपंग’ म्हटलं की हात-पायच डोळ्यांपुढे येतात. भारताच्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता (ऑटिझम) आहे, हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजारही आहेत. स्वमग्न मुलाच्या बापाला ‘अपंग मुलांसाठी’ हे शीर्षक आपल्यासाठी आहे असं वाटणारच नाही. तेव्हा शीर्षकात ‘घरी किंवा शाळेत जादा मदत लागणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी’ असं लिहा. आत कायद्याचा विषय निघेल तिथे ‘अपंगत्व’ वापरा आणि त्यात काय काय येतं ते एका वाक्यात सांगा.

ब्रिटनमधले कार्यकर्ते ‘डिसेबल्ड पीपल’, म्हणजे अडवली गेलेली माणसं, म्हणतात, कारण माणसाला अडवतात ते जिने आणि नियम, शरीर नव्हे, ही त्यांची १९७०च्या दशकापासूनची भूमिका आहे. अमेरिकेत ‘पीपल विथ डिसॅबिलिटीज’ रुळलं, त्यात माणूस आधी. हा फरक मराठीत उतरत नाही; ‘अपंग व्यक्ती’ दोन्हींना चालेल. ‘मूकबधिर’ मात्र कुठेही नको, ‘कर्णबधिर’ लिहा. खुणांच्या भाषेत तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या माणसाला मूक कसं म्हणायचं?